नागासाकीचे भाडेकरू

नागासाकीच्या देजिमा बेटावर जायला एक छोटा पूल होता आणि त्या पुलापाशी एक पाटी होती. पाटीवरचा मजकूर साधारण असा: गणिकांखेरीज इतर स्त्रियांना प्रवेश नाही. कोया पर्वताचे फिरते साधू सोडून अन्य साधू-बैराग्यांना प्रवेश नाही. वर्गणी मागणारे आणि भिकारी यांना प्रवेश नाही. बेटाभोवती रोवलेल्या खांबांच्या आत होडी आणू नये. पुलाखालून होडी नेऊ नये. आणि शेवटचं कलम: डच लोकांनी परवानगीवाचून बाहेर पडू नये.

पाट्यांच्या बाबतीत पुण्याचा हात धरणारं गाव जगात नाही, असं मी आजवर मानत आलो. पण पुण्याची पाटी येणाऱ्याला हाकलते आणि तिथेच थांबते. आतल्या माणसालाही त्याच पाटीत दम भरायचा, हे सदाशिव पेठेला सुचलेलं नाही.

ही पाटी सर्वांत जास्त कोणाला भावली असेल तर आमच्या मामांना. मामा आमच्या गृहनिर्माण संस्थेचे वर्षानुवर्षांचे सेक्रेटरी. जगाचा इतिहास त्यांना मेंटेनन्स, पार्किंग आणि भाडेकरू या तीन खात्यांत मांडता येतो. नागासाकीची सांस्कृतिक वारसास्थळं पाहायला ते माझ्याबरोबर आले ते मुळात भाच्याच्या खर्चात अर्धा वाटा उचलायला मिळतो म्हणून. म्हणजे वाटा मी उचलायचा. पण देजिमात पोचल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी फक्त वार्षिक सर्वसाधारण सभेतच पाहिलेलं आहे.

"वर्गणीवाल्यांचं कलम फार दूरदृष्टीचं आहे," ते म्हणाले. "लिहून घे."

देजिमाची कथा खरोखरच त्यांच्या खात्यातली आहे. १५७१ साली इथल्या ओमुरा सुमितादा नावाच्या सरदाराने पोर्तुगीज जहाजांना नागासाकीचं बंदर उघडून दिलं. त्याआधी हे कोळ्यांचं लहान गाव होतं. गोव्याहून निघालेलं पोर्तुगीज जहाज मकावला थांबून चिनी रेशीम भरून घेई आणि इथे येऊन जपानी चांदी घेऊन जाई. रेशमाबरोबर पाद्रीही येत. पुढे पाद्री जास्त आणि रेशीम कमी वाटायला लागलं, तेव्हा एदोहून (म्हणजे आजच्या तोक्योहून) देश चालवणाऱ्या शोगुनने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि पोर्तुगिजांना एका जागी डांबायचं ठरवलं. जागा कुठे? तर समुद्रात. १६३४ पासून दोन वर्षं भराव टाकून पंख्याच्या आकाराचं एक बेट तयार केलं. पंख्याचाच आकार का, याची एक आख्यायिका आहे: शोगुनला विचारलं, बेट कसं हवं, त्याने न बोलता हातातला पंखा पुढे केला. वास्तुरचनेतल्या निर्णयप्रक्रियेबद्दल याहून खरी वाटणारी गोष्ट मी ऐकलेली नाही.

खरी मेख पुढे आहे. हे बेट शोगुनने स्वतःच्या पैशाने बांधलं नाही. नागासाकीच्या पंचवीस धनिकांना पैसे घालायला लावले आणि मोबदल्यात पोर्तुगिजांकडून वर्षाला ८० कान चांदी भाडं घेण्याची मुभा दिली. एक कान म्हणजे पावणेचार किलो. हिशेब तीनशे किलो चांदीचा होतो. बेट तयार झालं, भाडेकरू राहायला आले, आणि १६३९ साली शोगुनने सगळ्या पोर्तुगिजांना देशातून हाकलून दिलं. पंचवीस घरमालक रिकाम्या बेटाकडे बघत बसले.

इथे मामा हळहळले. शोगुनसाठी नाही, पोर्तुगिजांसाठी तर नाहीच.

मग चक्रं फिरली. डच व्यापाऱ्यांची वखार तेव्हा हिरादो नावाच्या दुसऱ्या बेटावर होती. त्यांनी हौसेने एक भक्कम गोदाम बांधलं आणि दर्शनी भागावर बांधकामाचं वर्ष कोरलं, इसवी सनात. आता इसवी सन म्हणजे ख्रिस्ताच्या जन्मापासूनची मोजणी. म्हणजे ख्रिस्ती धर्माचा प्रसार. गोदाम पाडा, असा हुकूम सुटला. डचांनी वाद घातला नाही. मुकाट्याने गोदाम पाडलं आणि १६४१ साली देजिमाला राहायला आले. भाडं ५५ कान ठरलं. घरमालकांचं पंचवीस कानांचं नुकसान झालं, पण जागा लागली. आणि हा भाडेकरू टिकला तो थेट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, दोनशेहून अधिक वर्षं. "पागडीचा व्यवहार असणार," एवढाच मामांचा अभिप्राय.

बेट पाहायला गेलं की पहिला धक्का बसतो तो म्हणजे ते बेट नाही. नंतरच्या काळात आजूबाजूच्या समुद्रात भराव पडत गेला आणि देजिमा शहराच्या पोटात गेलं. आज त्याच्या एका अंगाने ट्राम जाते. गेल्या काही दशकांत नगरपालिकेने जुन्या इमारती एकेक करून पुन्हा उभ्या केल्या, २०१७ साली नवा पूल बांधला. म्हणजे आधी समुद्र बुजवून बेट केलं, मग समुद्र बुजवून बेट घालवलं, आणि आता बेट होतं हे कळावं म्हणून पैसे खर्चून पूल टाकला. वारसा जपण्याचा खर्च कसा वाढत जातो याचं हे उदाहरण मामांनी वहीत टिपून घेतलं. आमच्या संस्थेच्या पुनर्विकासाच्या फायलीत ते लवकरच दिसेल.

आतल्या खोल्या पाहताना मात्र त्या डचांची दया येते. लांबीला जेमतेम सव्वाशे मीटर, रुंदीला पाऊणशे. वर्षातून उन्हाळ्यात जहाज येणार, हिवाळ्याच्या तोंडाला जाणार. उरलेला काळ दहा-पंधरा पुरुषांनी एकमेकांची तोंडं बघायची. मग त्यांनी बिलियर्ड्स खेळलं, बॅडमिंटन खेळलं. हे दोन्ही खेळ जपानने पहिल्यांदा पाहिले ते इथेच. कॉफीही इथूनच आत आली. ओता नान्पो नावाच्या एदोच्या एका विनोदी लेखकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती चाखून पाहिली आणि जळकट वास येतो, चव सोसवत नाही, अशी नोंद करून ठेवली. विनोदी लेखक खरं बोलल्याचं हे एक दुर्मिळ उदाहरण आहे.

ख्रिसमस साजरा करायला अर्थातच बंदी. डचांनी त्यावर उपाय काढला. पंचवीस डिसेंबरच्या आसपास जपानी लोक हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस पाळतात. डचांनी 'आमच्याकडेही हा सण असतो' असं सांगून त्या नावाने मेजवानी झोडायला सुरुवात केली. नागासाकीकर त्याला 'डच हिवाळी सण' म्हणत. त्यांना काय ते कळत नसेल असं मुळीच नाही. पण कलमात बसलं ना? मग झालं.

एदोला जाऊन शोगुनला मुजरा करणं हे भाडेकराराचं आणखी एक अंग. १६९१ साली त्या लवाजम्यात एंगेलबर्ट केम्फर हा जर्मन डॉक्टर होता. शोगुन त्सुनायोशी पडद्याआड बसलेला. मुजरा झाल्यावर फर्माईश आली: चालून दाखवा, उड्या मारा, नाचा, गा, दारू प्यायल्याचं सोंग करा. केम्फर नाचला. जपानवर युरोपात पुढे शतकभर प्रमाण मानला गेलेला ग्रंथ लिहिणारा माणूस आहे हा. विद्वानांना सरकारी समारंभात काय काय करावं लागतं, ते तेव्हापासून फारसं बदललेलं नाही.

त्याच मार्गाने पुढे एक हत्तीही गेला. १७२८ साली चिनी व्यापाऱ्याने व्हिएतनामहून शोगुनसाठी एक जोडी आणली. हत्तीण नागासाकीतच गेली. हत्ती मात्र एदोपर्यंत चालत गेला. वाटेत क्योतोला बादशहाच्या दर्शनाचा योग आला तेव्हा अडचण उभी राहिली की दरबारी हुद्दा नसलेल्याला बादशहासमोर नेता येत नाही. तेव्हा हत्तीला चौथ्या श्रेणीचा हुद्दा देण्यात आला, असं सांगतात. हे ऐकून मामा बराच वेळ गप्प होते. त्यांच्या कचेरीत पदोन्नतीची यादी अडकली होती, ते वर्ष त्यांना आठवलं असावं.

आणि तो डचांचा वखारप्रमुख हेंड्रिक डूफ! ज्यांची ही वखार, ती डच व्यापारी कंपनी १७९९ साली बुडाली. १८१० साली नेपोलियनने हॉलंड हा देशच फ्रान्सला जोडून टाकला. मुख्य कचेरी नाही, देश नाही, वर्षानुवर्षं जहाज नाही, पगाराचं तर नावच नको. पण देजिमाच्या काठीवर डच झेंडा रोज फडकत होता. जगात तेव्हा तो झेंडा उरला होता अशा मोजक्या जागांपैकी ही एक. डूफने त्या काळात डच-जपानी शब्दकोश सुरू केला आणि बिअर करून पाहिली. इतिहासात शब्दकोशाची नोंद मोठी आहे. मला बिअरमागची गरज जास्त समजते.

मला नागासाकी आवडलं ते एका कारणासाठी. जपानमधली बाकीची जुनी शहरं पाहताना आपण सारखे शुद्धतेच्या दडपणाखाली असतो. क्योतोत चहा पिताना कप कुठल्या बाजूला फिरवायचा याचा ताण येतो. नागासाकीत कसलंच शुद्ध नाही. देशाने दोनशे वर्षं दार लावून घेतलं आणि या एका शहराला फटीपाशी बसवलं. फटीतून जे जे आलं ते यांनी आधी तपासलं, मग नोंदवलं, मग थोडं चाखून पाहिलं आणि मग आपलंच म्हणून ठेवून दिलं.

आता खाण्याकडे वळायला हरकत नाही. 'कासुतेरा' हा इथला प्रसिद्ध केक पोर्तुगिजांचा. पोर्तुगीज गेले, केक राहिला, आणि चारशे वर्षांत तो इतका जपानी झाला की अख्खा पोर्तुगाल पालथा घातलात तरी तसा मिळायचा नाही. १६२४ पासून तो करणारं एक दुकान अजून चालू आहे. तळाशी जाड साखरेचे दाणे दाताखाली येतात. साखर ही या शहराची खास मिजास. ती जहाजातून इथेच उतरे, त्यामुळे इथे ती घालताना हात आखडत नसे. जेवणात गोडी कमी पडली तर नागासाकीचे लोक म्हणतात, 'नागासाकी लांब दिसतंय.' आमटीत गूळ घालणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

चाम्पोन हा दुसरा पदार्थ चिन्यांचा. फुजियान प्रांतातून आलेल्या चेन पिंगशुन यांनी १८९९ साली 'शिकाइरो' हे हॉटेल काढलं. गरीब चिनी विद्यार्थ्यांना स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून त्यांनी डुकराचं मटण, कोळंबी, शिंपले, कोबी, मोड आलेली कडधान्यं असं हाताला येईल ते परतून, त्यावर दाट रस्सा ओतून, त्यातच शेवया शिजवल्या. हॉटेल आजही आहे आणि त्यात चाम्पोनचं छोटं संग्रहालय आहे. मामा मांसाहार करत नाहीत. मासे हा त्यांच्या मते मांसाहार नव्हे. त्यांनी चाम्पोनमधून समुद्र तेवढा खाल्ला आणि जमीन माझ्याकडे सरकवली.

पण कळस म्हणजे 'तोरुको राइस', अर्थात तुर्की भात. एकाच ताटलीत एका बाजूला पुलाव, मध्ये टोमॅटो सॉसमधली स्पॅगेटी, आणि वर डुकराच्या मांसाचं कटलेट, त्यावर दाट सॉस. तुर्कस्तानशी याचा संबंध काय, हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही; तुर्कांना तर मुळीच नाही. नावाच्या उगमाबद्दल मतं अनेक आहेत आणि प्रत्येक मत सांगणारा दुसऱ्या मताच्या माणसाकडे कीव केल्यासारखं पाहतो. म्हणजे हा पदार्थ सांस्कृतिक वारसा म्हणायला सर्वार्थाने पात्र आहे.

तीन देशांच्या खाण्याला एका मेजावर मांडलं की होतं शिप्पोकु. लाल लाखेचं गोल मेज, सगळ्यांनी मधल्या थाळ्यांतून वाढून घ्यायचं. जपानात एरवी प्रत्येकाचं ताट वेगळं. इथे चिनी पद्धतीचा घोळका. यजमानीण सुरुवातीला माशाच्या सुपाचा वाडगा पुढे करून 'घ्या' म्हणते. तिने म्हटल्याशिवाय ना भाषण, ना प्याला उंचावणं. आधी सूप पोटात जाऊ द्या, मग काय बोलायचं ते बोला. हा एक नियम आपल्याकडच्या सत्कार समारंभांना लावला तर मराठी सार्वजनिक जीवनाची केवढी सोय होईल.

खाल्लेलं जिरवायची व्यवस्था शहरानेच केली आहे. नागासाकी म्हणजे तिन्ही बाजूंनी डोंगर, आणि डोंगरांना चिकटलेली घरं. सपाट जमीन संपली की पायऱ्या, पायऱ्या संपल्या की चढ. जपानभर सायकलींचा सुळसुळाट असताना इथे सायकल क्वचित दिसते. मिनामी-यामाते भागात तर रस्ता म्हणून चक्क तिरकी लिफ्ट आहे. ती फुकट आहे, हे कळल्यावर मामांनी विजेचं बिल कोण भरतं याची चौकशी मोठ्या आस्थेने केली.

त्या लिफ्टने वर गेलं की ग्लोव्हरची बाग. टॉमस ग्लोव्हर हा स्कॉटलंडचा माणूस १८५९ साली, एकविसाव्या वर्षी इथे आला. त्याने चहा विकला, बंदुका विकल्या, जहाजं विकली, कोळशाच्या खाणीत पैसे घातले, दिवाळखोर झाला आणि तरीही ताठ मानेने राहिला. जपानच्या बिअरधंद्याच्या मुळाशीही तो आहे. किरिनच्या लेबलवरच्या काल्पनिक प्राण्याच्या मिशा त्याच्या मिशांवरून घेतल्या, अशी वदंता आहे. १८६३ साली बांधलेलं त्याचं घर जपानमधलं सर्वांत जुनं पाश्चात्त्य धाटणीचं लाकडी घर आहे. पण लोक गर्दी करतात ती ग्लोव्हरसाठी नव्हे, 'मादाम बटरफ्लाय'साठी. पुच्चीनीच्या त्या ऑपेराचं कथानक नागासाकीत घडतं. पुच्चीनी जपानला कधी आला नाही. ज्याच्या कथेवरून ऑपेरा झाला तो अमेरिकन लेखक जॉन ल्यूथर लाँगही कधी आला नाही. त्याची बहीण इथे राहून गेली होती, तिच्याकडून त्याने ऐकलं. आणि हे घर बटरफ्लायचं, हे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी ठरवलं. बागेत मात्र या भूमिकेसाठी जगभर गाजलेल्या मिउरा तामाकी या गायिकेचा पुतळा आहे, आणि तो बघून डोळे पुसणारे पर्यटकही आहेत. न घडलेल्या घटनेचं न पाहणाऱ्यांनी केलेलं वर्णन, न राहिलेल्या घरात जतन केलेलं. खऱ्या इतिहासाला असं भाग्य लाभत नाही.

वसंतात आलात तर पतंग पाहा. इथला पतंग 'हाता'. लाल, पांढरा, निळा, डच झेंड्याच्या रंगांचा. धाग्याला काचेची भुकटी लावतात आणि काटाकाटी खेळतात. डचांबरोबर देजिमात आलेल्या आशियाई नोकरांकडून हा खेळ इथे आला, असं सांगतात. मांजा हातात घेतल्यावर मामांचं वय झर्रकन उतरलं. भाषा एकही येत नसताना त्यांनी शेजारच्या आजोबांना ढील कशी द्यायची हे हातवारे करून सांगितलं, आणि आजोबांनी तितक्याच हातवाऱ्यांनी ते कसं चुकीचं आहे हे सांगितलं. दोघेही अतिशय समाधानी दिसत होते.

सुवा देवस्थानाचा 'कुंची' उत्सव ७ ते ९ ऑक्टोबर. १६३४ साली दोन गणिकांनी देवापुढे नृत्य केलं तिथून त्याची सुरुवात धरतात. शहरातल्या पेठांना सात वर्षांतून एकदा पाळी येते. चिनी अजगर नाचतो, डच जहाजाचा रथ गरगर फिरतो, व्हेल मासा पाणी उडवतो. शिंतो देवाच्या अंगणात हा सगळा परदेशी गोतावळा. नाच संपवून मंडळी निघाली की प्रेक्षक 'मोत्तेकोई!' म्हणून ओरडतात, परत आणा! आणि ती परत येतात. ऑगस्टच्या पंधरा तारखेला त्या वर्षी गेलेल्या माणसांच्या आत्म्यांना निरोप देण्यासाठी घरोघरच्या नौका रस्त्यावरून नेतात. शांत, गंभीर काही असेल म्हणून गेलेला माणूस हादरतो. फटाक्यांच्या लडी नव्हे, पेट्याच्या पेट्या फुटतात. लोक कानात बोळे घालून उभे असतात. हे ऐकून आमच्या मामांना पहिल्यांदाच नियम करायचा मोह झाला नाही.

एवढं सगळं जुनं उरलं कसं, हे सांगायला हवं. ९ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब पडला तो उराकामीच्या खोऱ्यात. मधल्या डोंगरांमुळे जुन्या शहराचा बराच भाग आडोशाला राहिला. म्हणून चिनी देवळं, ग्लोव्हरचं घर आज दिसतं. उराकामीचं मोठं कॅथीड्रल गेलं, तिथली वस्ती गेली. ज्या डोंगरांना चढताना शिव्या दिल्या त्यांच्याबद्दल खाली उतरताना वेगळं वाटतं. विनोदी लेखात याविषयी एवढंच.

आता आपल्या माणसाबद्दल. रेल्वे स्टेशनच्या वरच्या अंगाला निशिझाका नावाची टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमाने तिथे २६ ख्रिस्ती माणसांना क्रुसावर चढवलं. त्यांना क्योतो-ओसाकाकडून भर थंडीत चालवत आणलं होतं. वीस जपानी, सहा परदेशी. सर्वांत लहान मुलगा बारा वर्षांचा. १९६२ साली तिथे शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी घडवलेल्या २६ ब्राँझमूर्ती एका रांगेत उभ्या राहिल्या. त्यांतला एक गोन्सालो गार्सिया. जन्म वसई, साधारण १५५७. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. तरुणपणी पाद्र्यांबरोबर जपानला आला, भाषा शिकला, मग मकावला व्यापार केला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात सामील झाला आणि दुभाषा म्हणून जपानला परतला. १८६२ साली त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत. वसईत त्याच्या नावाचं महाविद्यालय आहे, किल्ल्यात जुनं चर्च आहे. आपण वसई पाहतो ती १७३९ सालच्या चिमाजी अप्पांच्या चष्म्यातून, आणि ते योग्यच आहे. पण त्याआधी दीडशे वर्षं याच गावातला एक मुलगा जपानी बोलत होता, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात मला कुठे भेटली नाही.

मामांनी त्या रांगेपुढे टोपी काढली. "वसईचा म्हणजे आपल्या लोकल लायनीवरचा," ते म्हणाले आणि नंतर काही बोलले नाहीत.

जपानच्या सहलीत नागासाकी बहुतेक वगळतात, कारण ते तोक्यो-क्योतोच्या वाटेवर नाही. वगळू नका. आणि गेलात तर स्टेशनातून बाहेर पडून आधी निशिझाका चढा. पाच-सात मिनिटांची चाल आहे, चढ लहान आहे, तिकीट नाही. केकचं दुकान नंतरही उघडंच असतं.